नुसता पासवर्ड बदलून भागत नाही

मेल हॅक झाल्याचं कळलं की माणूस पहिली धाव पासवर्डकडे घेतो. पासवर्ड बदलतो, जरा हायसं वाटतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. कारण आत शिरलेला चोर पासवर्डच्या भरवशावर बसत नाही. आल्या आल्या तो मागचं दार उघडून ठेवतो. कुलूप बदललं तरी मागचं दार तसंच उघडं राहतं.

सुरुवात मेलपासूनच करायची. डिमॅट असो, विमा असो, रेल्वे तिकिटाचं खातं असो की फेसबुक, 'पासवर्ड विसरलात?' या बटणातून निघालेली लिंक शेवटी तुमच्या मेलमध्येच येऊन पडते. मेल गेला की बाकीची खाती एकेक करून उघडायला चोराला फार कष्ट पडत नाहीत.

मेलची झडती

जीमेल मोबाइलच्या ॲपमध्ये नको, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा. ॲपमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी दिसतच नाहीत. इनबॉक्सच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'लास्ट अकाउंट ॲक्टिव्हिटी' असं दिसेल आणि त्याखाली 'डिटेल्स'. त्यावर क्लिक केलं की मेल अलीकडे कुठून, कधी आणि कशातून उघडला गेला याचा तक्ता येतो. ठिकाण वेगळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. मोबाइल डेटावर असताना ठाण्यातल्या माणसाचं ठिकाण दुसऱ्या राज्यातलंही दिसू शकतं. बघायचं ते 'ॲक्सेस टाइप'. तुम्ही कधीच आउटलुकसारखा प्रोग्रॅम वापरला नसेल आणि तिथे 'आयमॅप' किंवा 'पॉप' दिसत असेल, तर कुणीतरी तुमची टपाल परस्पर उतरवून घेतंय.

मग वरच्या गिअरच्या चिन्हातून 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा. तिथले तीन टॅब नीट वाचायचे.

पहिला 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप'. इथे अनोळखी पत्ता असेल तर तुमच्या प्रत्येक मेलची एक प्रत तिकडे जाते आहे, आणि पासवर्ड बदलल्यावरही जात राहणार आहे. पत्ता काढून टाका आणि सेव्ह करा. सेव्हचं बटण पानाच्या तळाशी असतं, बरेच जण ते दाबायचं विसरतात.

दुसरा 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'. इथली चलाखी जास्त बारीक असते. 'बँक', 'ओटीपी', 'सिक्युरिटी अलर्ट', 'पेमेंट' असे शब्द असलेला मेल आला की तो इनबॉक्समध्ये न दाखवता थेट कचरापेटीत टाका, असा नियम चोर बनवून ठेवतो. गूगलनं पाठवलेला इशाराही मग तुम्हाला दिसत नाही. आपण न बनवलेला प्रत्येक नियम डिलीट करा आणि ट्रॅशमध्ये एकदा डोकवा. तिथे तीस दिवसांपर्यंतचा माल असतो, काय काय दडवलं गेलं ते कळतं.

तिसरा 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट'. 'सेंड मेल ॲज'मध्ये उत्तरासाठीचा पत्ता बदललेला नाही ना, हे बघा. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी तर ही ओळ महिन्यातून एकदा तपासावी. गिऱ्हाईक तुमच्याच मेलला उत्तर देतं, पण ते उत्तर एका अक्षराच्या फरकाच्या दुसऱ्याच पत्त्यावर जातं. तिथून 'आमचं बँक खातं बदललं आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात भरा' असं पत्र निघतं. बिल खरं, रक्कम खरी, भाषा तुमचीच, फक्त खातं चोराचं. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तोही चोराचाच असतो.

त्याच टॅबमध्ये 'ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट' आहे. तिथे जोडलेला माणूस तुमचा पासवर्ड माहीत नसताना मेल वाचू शकतो, पाठवू शकतो, पुसूही शकतो. ओळखीचं नाव नसेल तर काढा.

आता जीमेलमधून बाहेर या आणि गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर जा. 'युअर डिव्हाइसेस'मध्ये विकलेला जुना मोबाइल, आधीच्या नोकरीतला लॅपटॉप असं काहीबाही निघतं. सगळ्यातून साइन आउट करा. त्याच पानावर तुमच्या खात्यात शिरायची परवानगी दिलेल्या ॲप्सची यादी असते. तीन वर्षांपूर्वी एकदाच वापरलेलं फोटो एडिट करायचं ॲप अजून तुमचं मेल वाचू शकत असेल, तर ते तिथे असायचं कारण नाही.

आउटलुक किंवा हॉटमेल असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातलं 'रीसेंट ॲक्टिव्हिटी' बघा आणि आउटलुकच्या सेटिंगमध्ये 'रूल्स' आणि 'फॉरवर्डिंग'. तत्त्व तेच.

जुना मोबाइल नंबर

रिकव्हरी नंबर म्हणून दिलेलं सिम बंद केलं असेल तर हा भाग सोडून पुढे जाऊ नका. बंद झालेला नंबर आपल्याकडे ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमचा मेल परत मिळवायचा कोड कुणा परक्याच्या मोबाइलवर जाऊ शकतो. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी मेल दोन्ही आजच्या तारखेला चालू आहेत का, हे प्रत्यक्ष तपासा. रिकव्हरी मेलचा पासवर्ड आठवत नसेल तर तो असून नसल्यासारखा.

हा घोळ सगळ्यात जास्त कुठे दिसत असेल तर हाउसिंग सोसायटीच्या मेलमध्ये. घोडबंदर रोडचं संकुल असो की नेरुळची चार मजली इमारत, सोसायटीचा एकच मेल असतो, पासवर्ड सोसायटीच्या मॅनेजरच्या वहीत असतो आणि रिकव्हरी नंबर दोन कमिट्यांपूर्वीच्या सेक्रेटरींचा. काका फ्लॅट विकून चिपळूणला गेले तरी नंबर तोच. नवी कमिटी आली की त्या दिवशीच रिकव्हरी नंबर बदला, मग पासवर्ड, मग जुनी डिव्हाइसेस साइन आउट. आणि पासवर्ड पाच जणांत वाटण्याऐवजी वर सांगितलेलं 'ग्रँट ॲक्सेस' इथे चांगल्या कामाला लावा. चेअरमन आणि खजिनदारांना त्यांच्या स्वतःच्या जीमेलवरून सोसायटीचं मेल वाचता येतं, उत्तर देता येतं, पण पासवर्ड बदलता येत नाही. पदावरून उतरले की नाव काढलं, काम झालं.

पासवर्ड आणि दुसरं कुलूप

आता पासवर्ड बदला. गाडीचा नंबर नको. एमएच ०४ आणि एमएच ४३ पासून सुरू होणारे पासवर्ड या भागात किती असतील याचा अंदाज चोरालाही आहे. मुलीचं नाव, त्यापुढे ॲटची खूण आणि १२३ हेही नको. पासवर्ड मजबूत होतो तो लांबीनं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा, जसं खलबत्ता, पागोळी, तिकीट, शेवगा. हेच शब्द उचलू नका, ते आता छापले गेले. म्हण, अभंगाची ओळ, गाण्याचं धृपद टाळा, कारण अशा ओळी अंदाजाच्या यादीत सहज बसतात.

मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, हा नियम लांबीपेक्षाही मोठा. एखाद्या फुटकळ शॉपिंग साइटवरून पासवर्डांची यादी फुटली की तेच मेल आणि तेच पासवर्ड बाकी सगळीकडे आपोआप लावून बघितले जातात. त्यासाठी कुणाला तुमच्या मागे लागावं लागत नाही, प्रोग्रॅम करतो. आपला मेल अशा फुटलेल्या याद्यांत आहे का, हे सायबर सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर नुसता मेल पत्ता टाकून कळतं. बाकीच्या खात्यांसाठी बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम, घ्या. दोन्ही फुकट मिळतात. दर महिन्याला पासवर्ड बदलायची जुनी शिस्त मात्र सोडून दिलेली बरी. माणसं वैतागून शेवटचा आकडा एकानं वाढवतात, बाकी काही होत नाही.

'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी मोबाइलच्या बोटाच्या ठशानं किंवा पिननं उघडणारी किल्ली, सगळ्यात चांगली, कारण ती खऱ्या साइटशीच बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही. त्याखालोखाल ऑथेंटिकेटर ॲप, जे मोबाइलवरच सतत बदलता कोड दाखवतं. एसएमएसवरचा ओटीपी तिसऱ्या क्रमांकावर, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. मोबाइलवर 'तुम्हीच लॉगिन करताय का?' असं आपणहून विचारलं जात असेल, तर 'नाही' दाबा. रात्री दोन वाजता असे दहा प्रश्न आले की कंटाळून 'हो' दाबलं जावं, हाच डाव असतो.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. कुलूप लावलं आणि किल्ली त्याच मोबाइलमध्ये ठेवली. गर्दीच्या लोकलमध्ये मोबाइल गेला की मालकच बाहेर. गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापा आणि घराचं ॲग्रीमेंट ज्या फायलीत आहे त्यात ठेवा. नवे कोड काढले की जुने रद्द होतात, म्हणून कागदावर तारीख घाला. मोबाइल एक्स्चेंजमध्ये देण्याआधी ऑथेंटिकेटरमधली खाती नव्या मोबाइलवर हलवा. दुकानात फॉरमॅट करून झाल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो.

सिमलाही पिन लावता येतो. सुरुवातीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाज नको. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि पीयूके कोड लागतो, तो दहादा चुकला की सिमच निकामी.

कॉम्प्युटर

विंडोज १० चा मोफत पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी ईएसयू नावाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तीही नाव नोंदवलं तरच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यात न बसणाऱ्या मशीनवर बँकेचं काम करायचं नाही, इतकं तरी पाळा.

स्टेशनजवळच्या दुकानातून असेंबल करून घेतलेल्या मशीनवर एक जागा मुद्दाम तपासा: 'विंडोज सिक्युरिटी', मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'मॅनेज सेटिंग्ज', आणि खाली 'एक्स्क्लूजन्स'. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस टाकताना बरेचदा अख्खा सी ड्राइव्हच या यादीत घातला जातो. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डेफेंडर मग हिरवी खूण दाखवत बसतो आणि काहीच तपासत नाही. यादी रिकामी करा, 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू करा आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. क्रॅक काढून टाकल्याशिवाय मात्र या सगळ्याला अर्थ नाही. पैसे वाचवायचेत तर लिब्रेऑफिस फुकट आहे.

रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. कुठलाही प्रोग्रॅम टाकताना दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो आणि तेवढ्यात माणूस विचार करतो. घरात शाळकरी मूल असेल तर हे आजच करा.

फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग 'लाइट बिल डॉट पीडीएफ' वाटणाऱ्या फाइलचं शेपूट 'डॉट ईएक्सई' आहे हे दिसतं.

सध्याचा सगळ्यात वाईट सापळा असा आहे. एखाद्या साइटवर 'मी रोबोट नाही'ची चौकट येते. तिच्यावर क्लिक केलं की पायऱ्या दिसतात: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. क्लिक करताक्षणी त्या पानानं तुमच्या क्लिपबोर्डवर एक लांबलचक आज्ञा ठेवलेली असते. रनची चौकट अरुंद, त्यामुळे तिचं फक्त शेपूट दिसतं, आणि शेपटावर मुद्दाम 'मी रोबोट नाही' असंच लिहिलेलं असतं. एंटर दाबलं की तुम्ही स्वतःच्या हातानं व्हायरस बोलावलेला असतो. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याच्या खुणा, घेऊन जातो. कुकीज गेल्या की चोर तुमच्या आधीच झालेल्या लॉगिनमध्ये शिरतो, ओटीपी विचारलाच जात नाही. कुठलीही खरी साइट माणूस ओळखायला रनची चौकट उघडायला सांगत नाही.

बाकी थोडक्यात. ब्राउझरमधली न ओळखीची एक्स्टेन्शन काढा. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' असं सारखं येत असेल तर तो बहुतेकदा व्हायरस नसून कुठल्या तरी साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर हे लांबून दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर चालवू देणारे प्रोग्रॅम काम झालं की लगेच काढून टाका. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून घराच्या ॲग्रीमेंटच्या फायलीत ठेवा. दुरुस्तीनंतर मशीन ती मागतं आणि ती नसेल तर फोटो गेले.

फोटोंवरून बॅकअपचं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर महिन्यातून एकदा प्रत काढा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, सगळ्याबरोबर लॉक करतं.

झेरॉक्सच्या दुकानात

आधारची प्रिंट हवी म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपलं जीमेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडणं ही ठाणे आणि वाशी स्टेशनबाहेरची रोजची गोष्ट. त्यापेक्षा फाइल आपल्या मोबाइलवरून दुकानाच्या मेलवर पाठवा. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रिंट मिळाली की डाउनलोड्समधली फाइल समोर उभं राहून पुसायला सांगा, शिवाय रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सॲप उघडलंच असेल तर मोबाइलमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून तिथल्या तिथे लॉगआउट करा. दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह घरच्या मशीनला लावलात आणि फोल्डरच्या जागी शॉर्टकटचे बाण दिसले, तर त्यांवर क्लिक न करता आधी स्कॅन करा. खरे फोल्डर बहुधा तिथेच लपवलेले असतात.

वाय-फाय आणि मेसेज

राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका, ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वाय-फाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केबलवाल्याचा मुलगा येऊन पहिला बदलून जातो, दुसरा तसाच राहतो.

'प्रिय ग्राहक, बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित संपर्क साधा', गॅसचं बिल थकलं, गाडीचं चलान आलं, अमक्याच्या लग्नाची पत्रिका. व्हॉट्सॲपवर येणारं यातलं जे काही 'डॉट एपीके'नं संपतं, ते ॲप आहे, बिल किंवा पत्रिका नव्हे. उघडायचं नाही. चलान खरं आहे का, हे महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन या साइटवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघा.

बँकेच्या साइटचा पत्ता वाचायचीही एक रीत आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. पण हे शब्द पत्त्यात कुठेतरी आहेत म्हणून भागत नाही. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्यामागच्या दोन रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा. 'अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट अपडेट डॉट टॉप' हा पत्ता बँकेचा नाही, 'अपडेट डॉट टॉप'वाल्याचा आहे.

गेलंच तर

ज्या मशीनवर संशय आहे तिचं नेट तोडा. पुढचं सगळं दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून. बाधित मशीनवर नवा पासवर्ड टाकला तर तोही चोराला मिळतो.

पैसे गेले असतील तर मेलच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ती गोठवायची असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर तोटा येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित तोटा. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतरचा बँकेचा.

मग मेल. पासवर्ड बदलता येत असेल तर बदला, सगळी डिव्हाइसेस साइन आउट करा आणि वरची झडती पहिल्या ओळीपासून घ्या. आत जाताच येत नसेल तर गूगलच्या रिकव्हरी पानावर नेहमीच्या मोबाइलवरून, नेहमीच्या वाय-फायवरून, घरी बसून प्रयत्न करा. ओळखीचं ठिकाण आणि डिव्हाइस गूगल जमेस धरतं. चोरानं रिकव्हरी नंबर बदलला असला तरी जुन्या नंबरवर सात दिवसांपर्यंत कोड येऊ शकतो, त्यामुळे 'बघू रविवारी' असं करू नका.

लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. पुराव्यासाठी नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडा आणि मूळ मेल डाउनलोड करून ठेवा, मेल कुठून कुठे फिरत आला ते त्यात असतं. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ सी आणि ६६ डी लिहा, म्हणजे ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं. हद्दीवरून अडलात तर एवढं लक्षात असू द्या: कळवा ठाणे आयुक्तालयात, शेजारचं ऐरोली नवी मुंबईच्या आयुक्तालयात, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलिस ठाण्यात देता येते. तिथे झीरो एफआयआर नोंदवून तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. त्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.